कल्ले पांढरे, तरी मासा ताजा

मासळी बाजारात नेहमी जाणाऱ्याला ताजा मासा ओळखायला शिकवावं लागत नाही. कल्ल्यावरचं झाकण अंगठ्यानं उचलायचं आणि आत बघायचं. लालभडक असेल तर मासा आजचा, विटकरी पडला असेल तर कालचा, आणि पांढरट दिसला तर कोळीण काहीही म्हणो, पुढच्या टोपलीकडे वळायचं. या परीक्षेत एक मासा जिवंतपणीच नापास होतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातला आइसफिश पाण्यातून नुकताच काढलेला, अजून तडफडत असला तरी त्याचे कल्ले दुधाळ पांढरे असतात. त्याला कापलं तर जे वाहतं ते जवळजवळ पाण्यासारखं पारदर्शक. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही, आणि हिमोग्लोबिन तयार करणारी जनुकंही त्याच्याकडे उरलेली नाहीत.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत प्रौढपणी हिमोग्लोबिनशिवाय जगणारं हे एकच कुटुंब, सुमारे १६ जातींचं. शास्त्रीय नाव चॅनिक्थायिडी.

जनुकांच्या प्रती वाढणं आणि जनुकं नाहीशी होणं यातून जीनोम, म्हणजे जिवाच्या डीएनएचा पूर्ण संच, कसा घडतो, हे समजावताना पुस्तकं बहुधा वाढीसाठी एका प्राण्याचं उदाहरण घेतात आणि तुटीसाठी दुसऱ्याचं. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात दोन वेगळे कप्पे तयार होतात. मला आइसफिशचं प्रकरण मोलाचं वाटतं ते यासाठी की इथे दोन्ही गोष्टी एकाच माशात, एकाच समुद्रात घडल्या, आणि दोन्ही जिवावरच्या होत्या. एक जनुक मिळालं नसतं तर हा मासा गोठून मेला असता. दुसरी जनुकं गेली तेव्हा तो गुदमरून मरायला हवा होता, पण मेला नाही. का मेला नाही, याचं जे उत्तर सर्रास दिलं जातं ते मला पटत नाही.

रक्त नसलेला मासा

१९२७ साली नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ डिटलेफ रुस्टाड यांना दक्षिण अटलांटिकमधल्या बूव्हे बेटाजवळ एक फिकट, खवले नसलेला, सुसरीसारख्या तोंडाचा मासा मिळाला. त्याचं रक्त रंगहीन होतं. त्या काळात दक्षिण जॉर्जिया बेटाच्या आसपास नॉर्वेजियन लोकांची व्हेलची शिकार जोरात होती, आणि जहाजांवरची माणसं 'रक्त नसलेल्या' माशाबद्दल बोलत असत. योहान रूड नावाच्या तरुण जीवशास्त्रज्ञाच्या कानावर ही गोष्ट व्हेलच्या जहाजावरच आली आणि त्यानं ती आधी उडवून लावली. रुस्टाडनी पाहिलेला मासा कळल्यावर मात्र ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. दोन दशकांहून अधिक काळानंतर, १९५३ मध्ये, रूड स्वतः दक्षिण जॉर्जियाला गेला, ताज्या माशांचं रक्त काढून त्यातला ऑक्सिजन मोजला आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापले: तांबड्या पेशी नाहीत, रंगद्रव्य नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता लाल रक्ताच्या शेजारी माशांच्या तुलनेत जेमतेम दहावा हिस्सा.

या माशाचा ऑक्सिजन रक्तातल्या पाण्यात नुसता विरघळून वाहतो. सोड्याच्या बाटलीत वायू विरघळतो तसा, फक्त फार कमी.

रूडच्या काळात प्रश्न शरीराचा होता: हा प्राणी श्वास कसा घेतो? त्याचं उत्तर पुढच्या दोन-तीन दशकांत मिळत गेलं. पाणी जितकं थंड तितका त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. कोकण किनाऱ्यावरच्या २८ अंशांच्या समुद्रापेक्षा उणे १.९ अंशांच्या समुद्रात तो जवळपास दुप्पट मावतो. थंडीत शरीराची मागणीही कमी असते. तरीही एवढ्यानं भागत नाही. आइसफिशचं हृदय आकारानं मोठं आहे. शरीराच्या मानानं त्याच्यात रक्त दुप्पट ते चौपट आहे, रक्तवाहिन्या रुंद आहेत आणि दर मिनिटाला हृदयातून जाणारं रक्त इतर माशांच्या कित्येक पट आहे. एवढा प्रवाह सतत चालू ठेवायला नुसतं स्वस्थ पडून असलेल्या माशाच्या ऊर्जेतला सुमारे २२ टक्के वाटा एकट्या हृदयावर खर्च होतो. इतर माशांत हा आकडा ५ टक्क्यांच्या आत असतो.

हे आकडे लक्षात ठेवायला हवेत. पुढे 'फायदा' हा शब्द येईल तेव्हा त्यांची गरज पडेल.

ग्लोबिनच्या घराण्यात

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत दोन आल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. या दोन साखळ्यांची जनुकं सख्खी भावंडं आहेत. सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी एका जुन्या ग्लोबिन जनुकाची दुसरी प्रत तयार झाली, दोन्ही प्रती हळूहळू वेगळ्या वळणानं गेल्या आणि एक आल्फा झाली, दुसरी बीटा. माणसात ती आता वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, आल्फा सोळाव्यावर आणि बीटा अकराव्यावर. माशांत मात्र ती अजून एकमेकांना लागून राहतात. शिवाय हाडांच्या बहुतेक माशांच्या पूर्वजात, तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, संपूर्ण जीनोमचीच प्रत दुप्पट झाली होती. त्यामुळे माशांकडे हिमोग्लोबिनच्या जनुकांचे दोन गट असतात, दोन वेगळ्या गुणसूत्रांवर. म्हणजे हिमोग्लोबिन ही मुळात प्रती वाढण्यानं उभी राहिलेली इस्टेट. आइसफिशला ती दोन्ही ठिकाणी गमवावी लागली.

कशी गेली, याचा पहिला ठोस पुरावा १९९५ मध्ये आला. इटालियन आणि अमेरिकन संशोधकांच्या गटानं आइसफिशच्या डीएनएत ग्लोबिनची जनुकं शोधली. अमेरिकेचे बिल डेट्रिक या कामात होते आणि पुढेही ते या माशांच्या मागे राहिले. बीटाचा पत्ताच नव्हता. आल्फाचा फक्त शेवटाकडचा तुकडा सापडला. लाल रक्ताच्या नातेवाईक माशांत आल्फा आणि बीटा एकमेकांकडे डोकं करून, पाय विरुद्ध दिशांना, अशी झोपलेली असतात. दोघांच्या डोक्यांच्या मधल्या जागेत दोन्ही जनुकं चालू करणारी कळ असते. आइसफिशमध्ये नेमका मधला भाग उडालेला आहे: आल्फाचं डोकं, ती कळ आणि अख्खं बीटा. उरले ते आल्फाचे पाय.

हा तुकडा फार बोलका आहे. जनुक डीएनएच्या एखाद-दुसऱ्या अक्षरानं बिघडलं असतं तर कालांतरानं, निदान तत्त्वतः, उलट बदलानं दुरुस्त होण्याची वाट मोकळी राहते. अर्धं जनुक आणि त्याची कळ कापूनच काढली की ती वाट बंद होते. शिवाय अनेक जातींत तुटलेली कड सारखीच सापडते, म्हणजे हा घाव प्रत्येक जातीनं स्वतंत्रपणे सोसलेला नाही. तो त्यांच्या समान पूर्वजाचा आहे.

एक जात मात्र या साच्यात बसत नाही. निओपॅजेटॉप्सिस आयोना या माशात आल्फाचं जनुक पूर्ण आहे, पण त्याच्याशेजारी बीटाच्या दोन मोडक्या प्रती चिकटलेल्या आहेत. जनुकासारखं दिसणारं पण काम न करणारं असं हे छद्मजनुक. २००६ मध्ये हे छापलं गेलं तेव्हा ऱ्हासाचा मधला टप्पाच हाती लागल्यासारखं झालं. यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते: हिमोग्लोबिन एका रात्रीत पुसलं गेलेलं नाही. आधी मोडलं, मोडक्या अवस्थेत काही काळ राहिलं, मग बहुतेक वंशांत मोठा तुकडा गळून पडला. वापरात नसलेल्या घराचं आधी छप्पर जातं, भिंती नंतर.

चुकलेलं बटण

शर्टाचं वरचं एक बटण चुकीच्या काजात गेलं की खाली एका बाजूला एक बटण उरतं आणि दुसऱ्या बाजूला एक काज. अंडं किंवा शुक्राणू तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रं शेजारी-शेजारी लावली जातात आणि तुकड्यांची अदलाबदल होते. जुळणी अक्षरांच्या साम्यावर होते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जागा जवळजवळ असल्या की जुळणी एक घर सरकू शकते. मग एका गुणसूत्रावर जनुकाची जादा प्रत जाते आणि दुसऱ्यावर ती कमी पडते.

वाढ आणि तूट ही एकाच चुकीची दोन अपत्यं असू शकतात, आणि या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपण एकीला नवनिर्मिती म्हणतो आणि दुसरीला ऱ्हास, पण त्या क्षणी पेशीला यातला फरक कळत नाही. कोणती टिकेल हे पुढच्या पिढ्यांत ठरतं.

जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये जोरकसपणे मांडलं होतं की एक जनुक असेल तर त्याच्यावर कामाचा भार असतो, त्याला प्रयोग करता येत नाही. दुसरी प्रत आली की ती मोकळी. बहुतेक वेळा ही मोकळी प्रत कुजते आणि छद्मजनुक होते. क्वचित तिला नवं काम मिळतं. अंटार्क्टिकाच्या माशांत असं एक क्वचित घडलं आणि त्याचा इतिहास विलक्षण स्वच्छ वाचता येतो.

स्वादुपिंडातून आलेला तारणहार

समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांना गोठतं. सर्वसाधारण समुद्री माशाचं रक्त समुद्रापेक्षा कमी खारट असल्यानं ते त्याआधीच, उणे ०.७ अंशांच्या आसपास गोठतं. बर्फाचे कण तरंगत असलेल्या पाण्यात असा मासा टिकूच शकत नाही. १९६० च्या दशकात आर्थर डीव्हरीज यांनी अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो साउंड या आखातातल्या माशांच्या रक्तात याचं उत्तर शोधलं: साखर जोडलेली प्रथिनं, ज्यांना आपण बर्फरोधक म्हणू. ती बर्फ तयार होणं थांबवत नाहीत. आत शिरलेल्या बर्फाच्या सूक्ष्म कणाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत.

हे प्रथिन रचनेनं अगदी साधं आहे. थ्रिओनिन, अ‍ॅलानिन, अ‍ॅलानिन. पुन्हा थ्रिओनिन, अ‍ॅलानिन, अ‍ॅलानिन. तीन अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांचं, पालुपद पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक थ्रिओनिनवर साखरेची जोडी. एवढं साधं प्रथिन कुठून आलं?

१९९७ मध्ये लियांगबियाओ चेन, आर्थर डीव्हरीज आणि ची-हिंग चेंग यांनी उत्तर छापलं. आइसफिशच्याच नात्यातल्या अंटार्क्टिक टूथफिशमधल्या या जनुकाचं सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक ट्रिप्सिनोजेनच्या जनुकाशी जवळजवळ अक्षरशः जुळत होतं. ट्रिप्सिनोजेन म्हणजे स्वादुपिंडात तयार होऊन आतड्यात जाणारं, प्रथिनं पचवणाऱ्या विकराचं कच्चं रूप. त्या जनुकाची एक जादा प्रत झाली. प्रतीचा मधला, पचनाचा भाग नाहीसा झाला. जुन्या जनुकातच एका सांध्यावर नऊ अक्षरांचा एक तुकडा होता, ज्याचं वाचन थ्रिओनिन-अ‍ॅलानिन-अ‍ॅलानिन असं होतं. तो तुकडाच पुन्हा पुन्हा छापला गेला, डझनावारी वेळा.

इथे थोडं थांबतो, कारण या कथेतला माझा सर्वांत आवडता तपशील इथे आहे. शिल्लक राहिलेल्या सुरुवातीच्या टोकात काय होतं? प्रथिन पेशीबाहेर पाठवण्याची खूण, म्हणजे पाकिटावरचा पत्ता. आतलं पत्र पूर्ण बदललं, पत्ता तोच राहिला. आणि तो पत्ता नेमका उपयोगी होता. मासा समुद्राचं पाणी पितो, अन्न गिळतो आणि त्यासोबत बर्फाचे कण आतड्यात जातात. गोठण्याचा पहिला धोका तिथेच. बरीच वर्षं संशोधक असं धरून चालले होते की हे प्रथिन यकृतात बनत असावं, कारण रक्तातली बरीच प्रथिनं तिथेच बनतात. २००६ मध्ये चेंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या माशांत ते प्रामुख्यानं स्वादुपिंडात बनतं आणि आतड्यात सोडलं जातं. जन्मस्थान बदललेलंच नव्हतं. नव्या जनुकाचं मूळ शोधताना आपण त्याच्या अक्षरांचं साम्य बघतो, पण ते कुठे आणि केव्हा चालू होतं हाही वारसाच असतो, आणि इथे त्या वारशानं अर्धं काम केलं.

मधला दुवाही सापडला. १९९९ मध्ये चेन यांच्यासोबत चेंग यांनी असं एक संकरित जनुक दाखवलं ज्यात बर्फरोधकाची पालुपदं आणि ट्रिप्सिनोजेनसारखा पाचक भाग दोन्ही एकत्र आहेत. जुनं घर पूर्ण पाडण्याआधी त्यातच नवी खोली काढली होती, असं म्हणता येईल.

यानंतर गुणाकार सुरू झाला. एकाच जनुकात बर्फरोधकाच्या अनेक तुकड्यांची माळ असते आणि मधले छोटे सांधे कापून ते सुटे केले जातात. अशा जनुकांच्याही अनेक प्रती रांगेत लागल्या. टूथफिशच्या एकाच माशात एका पालकाकडून आलेल्या गुणसूत्रावर अशी १४ जनुकं मिळाली आणि दुसऱ्या पालकाकडून आलेल्यावर ८. चुकलेल्या बटणाचं यापेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही. एकाच जिवाच्या आत, एकाच जागी, दोन गुणसूत्रांत सहा प्रतींचा फरक. जितकी कडक थंडी, तितकं हे प्रथिन जास्त लागतं, आणि जादा प्रती हा ते जास्त बनवण्याचा सरळ मार्ग आहे.

याला किंमतही आहे. जे प्रथिन बर्फाला वाढू देत नाही, ते त्याला वितळूही सहजासहजी देत नाही. २०१४ मध्ये दिसून आलं की उन्हाळ्यात पाणी थोडं गरम झाल्यावर, जिथे बर्फ वितळायला हवा अशा तापमानालाही, या माशांच्या शरीरातले कण टिकून राहतात.

उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांतही जवळपास हेच प्रथिन आहे, तेच तीन अमिनो आम्लांचं पालुपद. त्या प्रथिनाचा ट्रिप्सिनोजेनशी काही संबंध नाही. तिथे ते पूर्वी कुठलंही प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएतून उभं राहिलं. आणि अंटार्क्टिकाच्याच ईलपाउट माशात वेगळ्या प्रकारचं बर्फरोधक सियालिक आम्ल बनवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रतीतून आलं. एका प्रश्नाची तीन उत्तरं, तीन वेगळ्या कच्च्या मालातून.

'गरज नव्हती म्हणून गेलं'

आता त्या सर्रास उत्तराकडे येतो. ते असं: थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर, पेशींनी भरलेलं रक्त थंडीत घट्ट होतं, म्हणून हिमोग्लोबिन टाकून देणं फायद्याचं ठरलं. ऐकायला नीटनेटकं आहे. शिकवायलाही सोपं. पण वर दिलेला २२ टक्क्यांचा आकडा या उत्तरात बसत नाही. रक्त पातळ करून वाचलेली मेहनत हृदयाच्या अवाढव्य कामात कित्येक पटींनी परत जाते.

ब्रूस सिडेल आणि क्रिस्टिन ओब्रायन यांनी २००६ मध्ये याला उघड आव्हान दिलं, आणि मला त्यांची बाजू अधिक भक्कम वाटते. त्यांचा युक्तिवाद मायोग्लोबिनवरून समजतो. मायोग्लोबिन म्हणजे स्नायूत ऑक्सिजन साठवणारं ग्लोबिन, हिमोग्लोबिनचं दूरचं भावंड. सोळापैकी सहा जातींच्या हृदयात तेही नाही, आणि ते किमान चार वेळा स्वतंत्रपणे गेलं. एका जातीत जनुकाच्या आत काही अक्षरं घुसून वाचनच विस्कटलं. दुसरीत जनुकाच्या आधी जादा तुकडा आला आणि ते चालूच होईनासं झालं. तिसरीत शेवटाची खूण बिघडली. एवढ्या वेगवेगळ्या रीतींनी तेच जनुक जातंय म्हटल्यावर 'मायोग्लोबिनही निरुपयोगी होतं' असं म्हणायचा मोह होतो. पण १९९७ चा एक प्रयोग आडवा येतो. ज्या आइसफिशमध्ये मायोग्लोबिन आहे त्यांच्या हृदयात ते रसायनानं निकामी केलं, तर हृदयाची ताकद घटली. ज्यांच्यात मुळातच नाही त्यांच्यावर त्या रसायनाचा परिणाम झाला नाही. म्हणजे मायोग्लोबिन जिथे आहे तिथे ते आजही काम करतं. ज्यांनी ते गमावलं त्यांनी काहीतरी खरोखर गमावलं आणि मग इतर मार्गांनी भरपाई केली.

मग असा तोटा झालेला मासा टिकला कसा? स्पर्धा ढिली होती. अंटार्क्टिकाचा समुद्र थंड होत गेला तसे तिथले बरेच जुने मासे संपले. बर्फरोधक असलेल्या या गटाला जवळपास मोकळा समुद्र मिळाला. दुसरं असं की लाल रक्ताचे अंटार्क्टिक मासेसुद्धा हिमोग्लोबिनवर फारसे विसंबून नसतात. १९९२ मध्ये त्यांतल्या एका जातीचं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडनं अडवून ठेवलं, तरी स्वस्थ बसलेले मासे जगले. अशा ठिकाणी मोडक्या जनुकाचा मासा तत्काळ मरत नाही. तो कमी वेगानं पोहतो, पण अंडी घालेपर्यंत पोहोचतो.

आणि सिडेल-ओब्रायन यांच्या मांडणीतला सुंदर भाग हा. हिमोग्लोबिन रक्तातला नायट्रिक ऑक्साइड नष्ट करत असतं. हिमोग्लोबिन गेलं की हा वायू साचतो. तो रक्तवाहिन्या रुंदावतो, नव्या फुटायला लावतो, पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे भाग, वाढवतो. म्हणजे ज्या तुटीनं संकट आणलं तिनंच, कुठल्याही नव्या जनुकाची वाट न बघता, शरीराला रुंद वाहिन्यांच्या दिशेनं ढकललं. पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीनं नंतर ते पक्कं केलं असेल. पण पहिला टेकू आयता मिळाला.

या अर्थानं बर्फरोधकाचा लाभ आणि हिमोग्लोबिनचा तोटा एकमेकांत अडकलेले आहेत. पहिल्यामुळे समुद्र मोकळा मिळाला, आणि मोकळ्या समुद्रात दुसरा खपून गेला.

संपूर्ण जीनोम हाती आल्यावर

२०१९ मध्ये चेनोसेफॅलस असेरेटस या आइसफिशचा जीनोम प्रसिद्ध झाला. तीस हजारांच्या वर जनुकं. बर्फरोधकाच्या प्रती वाढलेल्या; अंड्याच्या कवचाच्या प्रथिनांच्या प्रतीही वाढलेल्या; ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून पेशीला वाचवणाऱ्या काही विकरांच्या जनुकांच्याही. हे शेवटचं पटण्यासारखं आहे, कारण इथे ऑक्सिजन हिमोग्लोबिनच्या ताब्यात नसतो, तो मोकळा फिरतो. तुटीच्या बाजूला हिमोग्लोबिनसोबत शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारी काही जनुकंही दिसली नाहीत. जिथे सूर्य काही महिने मावळत नाही आणि काही महिने उगवत नाही, तिथलं हे निरीक्षण लगेच मनात भरतं.

मनात भरतं म्हणूनच सावध राहिलं पाहिजे. जीनोम वाचताना तो लहान तुकड्यांत वाचून जोडला जातो. एकसारख्या प्रतींची लांबलचक रांग असेल तर जोडणारा प्रोग्राम त्यांना एकच समजून दुमडतो, किंवा तिथे भोक ठेवतो. 'प्रत सापडली नाही' आणि 'प्रत नाही' यांत मोठं अंतर आहे. बर्फरोधकाचा पट्टा या बाबतीत फार अवघड. तीच नऊ अक्षरं किती वेळा, हे छोट्या तुकड्यांवरून कळणार कसं? म्हणून जनुकांच्या प्रतींची संख्या सांगणारा कुठलाही दावा वाचताना मी आधी तुकडे किती लांब वाचले होते ते बघतो.

२०२३ मध्ये २४ जातींचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले आणि त्यांत लांब तुकड्यांच्या वाचनाचा आधार होता. या माशांचा मोठा विस्तार सुमारे १ कोटी ७ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला असा त्यांचा अंदाज. जीनोमच्या आकारात दुपटीचा फरक, आणि तो प्रामुख्यानं उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यांच्या, म्हणजे ट्रान्सपोझॉनच्या वाढीमुळे. आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं प्रकरण इतकं पुढे आणलं: हिमोग्लोबिनची जागा आणि बर्फरोधकाची जागा, दोन्ही ट्रान्सपोझॉननी गच्च भरलेल्या आहेत. एकसारखे तुकडे जागोजागी पेरलेले असले की बटणं चुकणारच. संशोधकांनी शक्यता म्हणून मांडलंय की या दोन्ही जागांचा इतिहास याच तुकड्यांनी घडवला असावा. तसं असेल तर माशाला वाचवणारं आणि त्याला अपंग करणारं हत्यार एकच होतं.

परत फिरलेला मासा

निओपॅजेटॉप्सिस आयोना, तोच मोडक्या बीटा-प्रतींचा मासा, २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा बातम्यांत आला. जर्मनीचं पोलरस्टर्न हे जहाज वेडेल समुद्रात बर्फाखाली कॅमेरा ओढत होतं. तळावर एकामागून एक गोल घरटी दिसत गेली, बहुतेकांत एकेक मासा अंडी राखत बसलेला. सुमारे २४० चौरस किलोमीटरवर अंदाजे सहा कोटी घरटी. तुटक्या जनुकांचा म्हणून या माशाची कीव करणाऱ्यानं हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणावं.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते दुसऱ्याच जातीबद्दल. चॅम्प्सोसेफॅलस ईसॉक्स हा आइसफिश अंटार्क्टिकात राहत नाही. त्याचे पूर्वज उत्तरेकडे, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या समुद्रात आले, आणि तो आज मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या परिसरात, बर्फ नसलेल्या पाण्यात सापडतो. त्याचा सख्खा नातेवाईक चॅम्प्सोसेफॅलस गुन्नारी अजून थंडीतच आहे. दोघांचे जीनोम २०२३ मध्ये शेजारी ठेवून तपासले गेले. गुन्नारीत बर्फरोधकाची जनुकं रांगेत, धडधाकट. ईसॉक्समध्ये ती रांग ओळखू येते, जागाही तीच, पण जनुकं बहुतेक मोडलेली. बर्फाचा धाक संपला, आणि ज्या जनुकांनी कुळाला तारलं तीच कुजायला लागली.

हिमोग्लोबिनची जनुकं तिथेही परत आलेली नाहीत. तुलनेनं कोमट, कमी ऑक्सिजनच्या त्या पाण्यात ईसॉक्स आजही पांढऱ्या कल्ल्यांनी आणि मोठ्या हृदयानं जगतो.